बाटली माझी नव्हती, कुंदा

कुंदा, तू गेल्याचं मला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुठल्याशा लग्नातला तुझा फोटो आणि त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. मला वेगळा फोन करावा असं कोणाला वाटलं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आपलं बोलणं बंद आहे हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. का बंद आहे, ते फक्त आपल्या दोघींना.

मी फोन पालथा ठेवला आणि सुपातली तूर निवडून पुरी केली. रडू आलं नाही. आधी आला तो राग. वाटलं, भांडण अर्धवट टाकून ही बाई खुशाल निघून गेली.

आपण कशा भेटलो ते आठवतं? माझा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेल्यावर अनुकंपेवर मला कंडक्टरची नोकरी लागली, आणि रिसोड-वाशीम गाडीवर तू रोजची प्रवासी निघालीस. वाशीमच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर, कडक पांढरी साडी, हातात डब्याची पिशवी. मी नवी होते. एक माणूस तिकिटावरून माझ्याशी हुज्जत घालत होता आणि माझा आवाज फुटत नव्हता. मागच्या सीटवरून तू शांतपणे म्हणालीस, "त्यायले उतरवून दे वो बाई, मले ड्युटीले उशीर होते." त्याने मुकाट्याने तिकीट घेतलं. त्या दिवसापासून माझ्या मागची सीट तुझी झाली. पुढे तुझ्याच गल्लीत मी घर घेतलं. मला मूलबाळ नव्हतं. सणावाराला तुझ्याच घरचं ताट माझ्याकडे यायचं.

तुझे मिस्टर माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. कृषी खात्यातले साहेब, गप्पिष्ट, हात सढळ. दर शनिवारी तुमच्या बैठकीत त्यांचे दोस्त जमायचे. काचेचे ग्लास निघायचे, आणि तू आत पापड तळायचीस, अंडी उकडायचीस, कांदा चिरायचीस. बाहेर हसण्याचा आवाज वाढला की तू गॅस बारीक करून ऐकायचीस. अशी कितीतरी वर्षं गेली. त्यावर कोणी कधी वावगा शब्द काढला नाही. तुझ्या वाशीमच्या दादानेही नाही. तो तर आला की त्याच बैठकीत बसायचा. मिस्टर हार्ट अटॅकने गेले तेव्हा त्यांचे ग्लास तुझ्या मंगेशने धुऊन पुसून शोकेसमध्ये लावले. पप्पांची आठवण म्हणून.

मग ते नागपूरचं लग्न. तुझ्या भाचीचं. मी नव्हते, पण तू इतक्यांदा सांगितलंस की मीच तिथे होते असं वाटतं. मोठं हॉटेल, एका कोपऱ्यात काउंटर, तिथे पांढरा शर्ट घातलेला पोरगा. तू त्याच्याकडे कोल्ड कॉफी मागितलीस. त्याने दिली. वर पांढरी साय तरंगत होती, खाली काळं, आणि मध्ये बुडबुडे. तू अर्धा ग्लास प्यालीस आणि पुन्हा काउंटरवर गेलीस. कॉफी फसफसते कशी, हे तुला विचारायचं होतं. पोरगा घाबरला. म्हणाला, मॅडम, माझ्याकडून चूक झाली, हा दुसऱ्यांचा ग्लास होता, यात व्होडका आहे. तू त्याला रागावली नाहीस. काय काय किती किती घातलं, ते विचारून घेतलंस आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली औषधं ध्यानात ठेवावीत तसं सगळं ध्यानात ठेवून घरी आलीस.

"निर्मला," तू मला म्हणालीस, "थे मले घरी बनवाचं हाय."

मी हसले. मला वाटलं, चार दिवसांची हौस आहे. पण मला डोळे तपासायला अकोल्याला जायचं होतं, तर तू सोबत निघालीस. दवाखान्यातून बाहेर आल्यावर सरळ दारूच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिलीस. माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं, मला सगळं धूसर दिसत होतं, आणि त्यातही पुरुषांची रांग बाजूला सरकलेली दिसली. मी तुझा पदर ओढला. तू म्हणालीस, "काहून वो? इतक्या लोकायले सलाईन लावले म्या. दुकानात गेली त खाईन का मले कोनी?" आणि जाळीतून हात घालून व्होडका मागितलीस. साधी, वासाची नको, म्हणालीस. दुकानदार तुला ताई म्हणाला.

त्या पोराने सांगितलेली कॉफीची ती घट्ट, गोड दारू इथे कुठून मिळणार? ती तू स्वतःच केलीस. पाणी आणि साखर उकळून त्यात कडक कॉफी पावडर, इतकी की चमचा जड लागावा. पाक पूर्ण गार होईपर्यंत मला हात लावू दिला नाहीस. मग त्यात व्होडका, थोडा व्हॅनिला इसेन्स, आणि सरबताच्या जुन्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, लोणच्याच्या बरणीआड. ते मुरायला पाहिजे म्हणून दोन शनिवार आपण नुसता फ्रिज उघडून त्या बाटलीकडे बघितलं.

पहिला ग्लास वाया गेला. तू घरच्या दुधाची साय फेटून घातलीस आणि वरून कोल्ड्रिंक ओतलंस. तेही भरभर, आणि पुरतं गार न झालेलं. सगळं फाटलं. ग्लासभर दह्याच्या कवड्या. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला हे जमायचं नाही. तू ते मोरीत ओतून दिलंस आणि म्हणालीस की दूध आंबटाने फाटतं, मग थंडी जास्त पाहिजे आणि हात हळू पाहिजे. पुढच्या खेपेला वाशीमहून पाकिटातली क्रीम आणलीस. ग्लास, क्रीम, काळं कोल्ड्रिंक, सगळं बर्फासारखं गार केलंस. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून एक व्होडका, एक कॉफी, एक क्रीम. बर्फ. मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून कोल्ड्रिंक इतकं हळू सोडलंस की मला ते पडताना ऐकू येत होतं. फेस वर आला, तपकिरी, ग्लासच्या काठापर्यंत, आणि थांबला. वरून जायफळ किसलंस. कॉफी म्हटली की तुला जायफळ लागायचंच.

दिवेलागणीच्या आधीची वेळ होती. पडदे ओढून आपण तुझ्या स्वयंपाकघरात खाली बसलो. बैठकीत बसायचं तुझ्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. तू पहिला घोट घेतलास आणि ग्लास डोळ्यांसमोर धरून निरखलास. मला वाटलं, पुन्हा फाटलं.

"यात त काईच वाईट नाई," तू म्हणालीस. "मंग मले इतके वर्स आतमदी काहून ठेवलं?"

मी घोट घेतला. गोड, कडू, थंड, आणि नाकात झिणझिण्या आणणारं. मला ते आवडलं, हे मी तुला लगेच सांगितलं नाही. तू डोक्यावर चढून बसली असतीस.

त्यानंतर प्रत्येकी एकच ग्लास, फक्त शनिवारी. दुसरा तू कधी करू दिला नाहीस. त्या एका ग्लासावर आपण काय काय बोललो. तू दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगायचीस. मी माझ्या नवऱ्याबद्दल बोलायचे, जे मी कोणापाशीच बोलले नव्हते. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले शनिवार होते, कुंदा. हे लिहितानाही मला तुझा राग येतोय, पण ते होते.

दिवाळीला मंगेश, तुझी सून राजश्री आणि नात पुण्याहून आले. मंगेशने फ्रिजमध्ये गार पाणी शोधताना ती बाटली काढली. झाकण उघडून वास घेतला. त्याला तो लगेच ओळखू आला. कसा ओळखू आला, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. तुला तो काही बोलला नाही. त्याने वाशीमला फोन करून मामाला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी मलाही निरोप आला, मावशी, तुम्हीपण या.

बैठकीत दादा सोफ्यावर, मंगेश उभा, राजश्री दाराशी. तुला मध्ये खुर्चीवर बसवलं होतं. टीपॉयवर बाटली. दादाने विचारलं की हे काय चाललंय, या वयात, आणि लोकांना कळलं तर. तू आधी चांगलं उत्तर दिलंस. मंगेशकडे बघून म्हणालीस की तुह्या पप्पाच्या बाटल्या त तूच आनत होता.

"पप्पांची गोष्ट वेगळी होती, आई," तो म्हणाला.

तो आवाज चढवून बोलला नाही. मुलांना समजावतात तसं बोलला. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं, तू तिथेच खचलीस. मग दादाने पुन्हा विचारलं, ही बाटली कोणाची.

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "थे निर्मलाची हाय," म्हणालीस. "तिनं ठेवाले देल्ली होती."

सगळे माझ्याकडे वळले. मी एका शब्दात सांगू शकले असते. राजश्री माझ्याकडेच बघत होती, मी काय बोलते म्हणून. मी तुझे हात पाहिले. इतक्या माणसांना सुया टोचलेले ते हात खुर्चीची दांडी सोडत नव्हते. मी उठले, बाटली उचलली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले ती भांडायला नव्हे. मला वाटलं होतं, तू म्हणशील, चुकलं वो माय. तेवढं पुरलं असतं. तू बॅग भरत होतीस. मंगेश तुला पुण्याला नेणार होता, इथे एकटीला संगत बरी नाही म्हणून. मी म्हटलं, जाऊ नको. तुझं घर आहे, तुझी पेन्शन आहे, तुला कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि माझ्या नावावर जे खपवलंस ते परत घे. निदान त्याला एकट्याला सांग.

तू साडीची घडी घालत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तुले कोन हाय विचारनारं? मले पोरगा हाय."

कुंदा, मी तशीच वळले आणि घरी आले. बाटलीचं मी सोसलं असतं. ते सोसतच होते. पण माझं रिकामं घर तू असं माझ्याच तोंडावर मारशील असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्या बाईला मी त्या शनिवारांना सगळं सांगितलं होतं, तिलाच नेमकं ठाऊक होतं कुठे लागेल ते. सिस्टर होतीस तू. शीर बरोबर सापडली तुला.

तू गेलीस. दादाने वाशीमला सांगितलं असेल, कोणीतरी रिसोडला आणलं असेल, पण महिन्याभरात कॉलनीला कळलं की निर्मलाबाई पितात आणि बिचाऱ्या कुंदाताईंच्या घरात लपवून ठेवायच्या. मला तोंडावर कोणी बोललं नाही. दरवर्षी बायका मिळून पोहरादेवीच्या दर्शनाला जीप करतात. त्या वर्षी मला सांगितलं, जागा भरली. पुढच्या वर्षी कोणी सांगायलाही आलं नाही. तुझे सुरुवातीला दोन-चार फोन आले. पुण्यातली थंडी, अकराव्या मजल्यावरची गच्ची, तुझे गुडघे. मूळ गोष्टीजवळ आलीस की तू म्हणायचीस, ठेवतो आता, मंगेश आला. मग मी उचलणं बंद केलं, आणि तू करणं.

तेरवी रिसोडच्या घरी झाली. मी आले. का आले, मला सांगता येणार नाही. शोकेसजवळ टेबलावर तुझा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या मागे काचेआड तुझ्या मिस्टरांचे ते ग्लास. मंगेश बोलताना रडला. म्हणाला, आईने आयुष्यभर फक्त दुसऱ्यांचं केलं, स्वतःसाठी काही मागितलं नाही. दादा म्हणाला, शेवटची वर्षं बहीण माझी चांगल्या वातावरणात राहिली, वाईट संगतीतून सुटली. काही माना माझ्याकडे वळल्या. मी पदर नीट केला आणि बसून राहिले. पंगत बसली तेव्हा मागच्या दाराने निघाले.

मोरीजवळ राजश्रीने मला गाठलं. "मावशी, जेवल्याशिवाय जाऊ नका," म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "मला माहीत आहे बाटली कोणाची होती."

ती सांगत होती आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. राजश्री घरूनच काम करते. पुण्याला गेल्यावर वर्षभराने एका दुपारी तू तिला विचारलंस की घरात कडक कॉफी आहे का. दुसऱ्या दिवशी क्रीम मागवायला सांगितलीस. तिसऱ्या दिवशी व्होडका. तीही मागवली. मंगेश ऑफिसला, नात शाळेत, आणि तुम्ही दोघी स्वयंपाकघरात, स्टीलच्या पेल्यात. तू तिला उलटा चमचा धरायला शिकवलंस. तिथे तू कॉफीचाच बर्फ करायला लागली होतीस, म्हणजे विरघळला तरी पाणचट होत नाही. आपल्याला हे सुचलं नव्हतं.

"त्या तुमच्याबद्दल बोलायच्या," राजश्री म्हणाली. "म्हणायच्या, निर्मलाच्या नावावर म्या खपवली आणि वरून तिले टोचून बोलली. एकदा रिसोडला जाऊ, तिच्यासमोर बसून बनवीन, मग सांगीन. मीच दोनदा त्यांचं तिकीटसुद्धा काढत होते. त्याच म्हणायच्या, पुढच्या महिन्यात."

खरं सांगू, मला आधी काय वाटलं? मत्सर. इकडे माझ्या तोंडावर दारं बंद होत होती, आणि तिकडे तू तुझ्या सुनेला फेस आणायला शिकवत होतीस. मग वाटलं, बरं झालं. त्या पोरीने तरी तुला आतमध्ये एकटी ठेवलं नाही, तुझ्याजवळ येऊन बसली. मला त्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं ते तिथे, खरकट्या भांड्यांच्या ढिगाजवळ.

राजश्रीने विचारलं, "ह्यांना सांगू का?"

कुंदा, मी विचार केला. खरंच केला. तुझ्या फोटोवरचा हार अजून ताजा होता. तू जिवंत असताना मी गप्प बसले, कारण तुला त्याच्या घरात राहायचं होतं. आता तुला कोणाच्याच घरात राहायचं नव्हतं. मला मात्र याच गल्लीत राहायचं आहे.

"सांग," मी म्हटलं.

दोन दिवसांनी सकाळी मंगेश आला. फाटकाशीच उभा राहिला. मी आत बोलावलं तर ओट्यावर बसला. मग त्याने विचारलं की बाटली खरंच आईची होती का. मी म्हटलं, दोघींची होती, बनवायची ती.

"तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत, मावशी?"

"तुझी आई बोलली होती ना. तिला खोटं पाडून मी काय मिळवलं असतं?"

"मला आईने सांगितलं असतं तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तर काय केलं असतंस?"

मला वाटलं, आता म्हणेल, समजून घेतलं असतं. सगळे तेच म्हणतात, माणूस गेल्यावर. पण तो म्हणाला, "माहीत नाही." मी त्याला शाळकरी असल्यापासून पाहिलंय, आणि तो मोठा झाल्यापासूनचं त्याचं मला पटलेलं हे पहिलं उत्तर. त्याने माफी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही. चहा घेतला, पाया पडला आणि गेला. दादाला त्याने काही सांगितलं असेल असं वाटत नाही. कॉलनीला तर नाहीच. बायका अजून मला बघून बोलणं बदलतात.

राजश्रीने तुझी माफी माझ्यापर्यंत पोचवली, कुंदा. मी ती घेतलेली नाही. अशी गोष्ट सुनेच्या हाती पाठवायची नसते. तू दारात आली असतीस, तर मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या, तू मला चार दिल्या असत्यास, आणि दुपारपर्यंत सगळं मिटलं असतं. तू पुढच्या महिन्यावर टाकत राहिलीस. आता मला कोणी म्हणतं, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरणार आहे. घर तुझ्या मुलाने घेतलं, तुझ्या रीतीने कॉफी करणारा हात तुझ्या सुनेकडे गेला, तुझं चांगलं नाव दादाने घेतलं. माझ्या वाट्याला हा राग आलाय. तुझं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच आहे, ते मी कोणाला देणार नाही.